सापडत नाही, म्हणजे कोणी लिहिलेच नाही?

"सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि पीएच.डी.साठी माझी नुकतीच नोंदणी झाली आहे. 1897 च्या प्लेगच्या साथीत पुण्यातील स्त्रियांना आलेले अनुभव हा माझा विषय आहे. गूगलवर शोधले की वृत्तपत्रांतील तेच ते स्मरणलेख आणि विकिपीडियाची पाने समोर येतात. त्यावरून मी संशोधन आराखड्यात 'या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही' असे लिहिले. मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, बाजूला 'कुठे शोधले?' एवढेच लिहिले आणि आराखडा परत केला. एका मैत्रिणीने चॅटबॉटकडून संदर्भांची यादी काढून दिली, पण त्यातील निम्मे संदर्भ मला कुठेच मिळत नाहीत. विश्वासार्ह संकेतस्थळांची एखादी तयार यादी असते का? शिवाय, आठ दिवसांत शोधनिबंध छापून देतो असा एका नियतकालिकाचा ईमेल आला आहे. पैसे भरावेत का?"

– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलेला प्रश्न तुम्हाला बोचला असावा, परंतु तो प्रश्न म्हणजेच तुम्हाला मिळालेली सर्वांत मोठी मदत आहे. 'या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही' हे वाक्य पुण्यातल्या, आणि पुण्याबाहेरच्याही, असंख्य आराखड्यांत सवयीने लिहिले जाते. प्रत्यक्षात ते एक विधान आहे आणि प्रबंधातील इतर कोणत्याही विधानाप्रमाणे त्यालाही पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे तुम्ही कोणत्या साधनांत, कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेला शोधले आणि त्या साधनांत मुळात काय साठवलेले होते याची नोंद. केवळ गूगलच्या पहिल्या दोन पानांवर काही दिसले नाही, एवढ्यावरून गूगलच्या पहिल्या दोन पानांविषयीच काही सांगता येते, संशोधनाच्या स्थितीविषयी काहीही सांगता येत नाही. म्हणून तुमच्या सर्व प्रश्नांची उत्तरे मी या एकाच सूत्राने देणार आहे: कोणत्याही साधनाला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे समजून घ्या.

गूगलपासूनच सुरुवात करू. 1998 साली सुरू झालेले हे शोधयंत्र ज्या पानांपर्यंत पोहोचू शकते त्यांवरील शब्दांची सूची करते आणि तुम्ही घातलेल्या शब्दांशी जुळणाऱ्या पानांना क्रम लावते. तो क्रम ठरवताना इतर किती पाने त्या पानाचा दुवा देतात, मजकूर किती ताजा आहे, तुम्ही कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या भाषेत शोधत आहात, अशा अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात. त्यांत संशोधनमूल्य नावाची कसोटी नाही. दरवर्षी 22 जूनच्या सुमारास रँडच्या वधाची आठवण करून देणारे लेख मराठी वृत्तपत्रांत येतात, ते भरपूर वाचले जातात आणि एकमेकांचा हवाला देतात. त्यामुळे पुण्यात बसून मराठीत 'पुणे प्लेग 1897' असे शोधणाऱ्याला चापेकर बंधू आधी भेटतात आणि घरझडतीच्या वेळी दारात उभी असलेली बाई भेटतच नाही. यावर एक साधा उपाय तुम्ही आजच करून पाहू शकता. शोधपट्टीत 'चापेकर' आणि 'रँड' या शब्दांच्या आधी वजाबाकीचे चिन्ह जोडून ते शब्द असलेली पाने वगळा आणि निकाल कसे बदलतात ते पाहा. निकालांच्या वर दिसणारा लाखांचा आकडा मात्र कधीही आराखड्यात उतरवू नका; तो मोजणीचा आकडा नसून यंत्राचा अंदाज असतो.

शब्दांची निवड हा या कामाचा गाभा आहे, त्यामुळे येथे थोडे थांबू या. शोधयंत्र तुमचा विषय ओळखत नाही, ते मुख्यतः तुमच्या शब्दांवर चालते. आणि 1897 मधील माणसे तुमचे शब्द वापरत नव्हती. इंग्रजी कागदपत्रांत शहराचे नाव 'पूना' असे आहे, म्हणून 'पुणे' या आजच्या रोमन लेखनाने शोधल्यास त्या काळातील जवळजवळ काहीच हाती येणार नाही. 'स्त्रियांचे अनुभव' हा आजच्या संशोधकाचा शब्दप्रयोग आहे. तत्कालीन अहवालात त्याऐवजी हाउस सर्च, सेग्रिगेशन कॅम्प, प्लेग हॉस्पिटल, बुबॉनिक प्लेग, बॉम्बे प्रेसिडेन्सी असे शब्द असतील आणि स्त्रियांचा उल्लेख एखाद्या नियमाच्या तळटिपेत, तपासणीसाठी स्त्री-डॉक्टर नेमण्याच्या चर्चेत किंवा पडदानशीन स्त्रियांसंबंधीच्या तक्रारीत आलेला असेल. हे शब्द रोमन लिपीत घालून शोधा. मराठीसाठी प्लेग, गाठीचा ताप, महामारी, साथ असे सगळे पर्याय वेगवेगळे वापरा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात 'पुणें', 'पुण्यांत', 'साथींत', 'कांहीं' असे अनुस्वार असतात आणि स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतून यंत्राने ओळखलेला मजकूर त्याच रूपात साठवलेला असतो, त्यामुळे अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय असे दोन्ही शोध घ्यावे लागतात. परदेशी ग्रंथालयांच्या सूचींत मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत एका ठरावीक पद्धतीने लिहिली जातात आणि त्या पद्धतीत शब्दाच्या शेवटचा अकारही लिहितात. आपण 'इतिहास' हा शब्द रोमनमध्ये एस अक्षरावर संपवतो, तिथे त्यापुढे आणखी एक ए अक्षर असते. एवढ्या एका अक्षरामुळे 'वर्ल्डकॅट'सारख्या मोठ्या सूचीत असलेले पुस्तक नाही असे समजून लोक परत फिरतात.

शोध नेमका करण्याची काही साधनेही हाताशी ठेवा. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. एखाद्याच संकेतस्थळाच्या आत शोधायचे असेल तर रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि त्याला लागून त्या संकेतस्थळाचा पत्ता असे लिहा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. 'फाइलटाइप' आणि कोलननंतर पीडीएफ असे लिहिले की अहवाल, लेख आणि प्रबंध वर येतात आणि बातम्या मागे पडतात.

'गूगल स्कॉलर' हे वेगळे साधन आहे आणि त्याचा उपयोग तुम्ही अद्याप केलेला दिसत नाही. नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झालेली ही सेवा विद्वत्तापूर्ण दिसणाऱ्या लेखनापुरती मर्यादित आहे. 'दिसणाऱ्या' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण येथे निवड करणारा संपादक नाही, यंत्रच रचना पाहून ठरवते, आणि आपल्या सूचीत नेमके काय काय आहे याची पूर्ण यादी ही सेवा जाहीर करत नाही. 2010 साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी हा दोष उघड करण्यासाठी 'आइक अंतकारे' नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक निर्माण केला. त्यांनी संगणकाकडून त्याच्या नावावर सुमारे शंभर निरर्थक लेख तयार करवले, ते लेख एकमेकांचे संदर्भ देतील अशी व्यवस्था केली, आणि या सेवेतील आकड्यांच्या आधारे हा काल्पनिक माणूस जगातील सर्वाधिक संदर्भिल्या गेलेल्या शास्त्रज्ञांच्या पंक्तीत जाऊन बसला. तेव्हा येथे दिसणारी संदर्भसंख्या ही गुणवत्तेची पावती समजू नका.

तरीही स्कॉलरची एक सोय तुमच्यासाठी अनमोल आहे. औपनिवेशिक काळातील साथरोगांवर, आणि विशेषतः 1896 नंतरच्या मुंबई इलाख्यातील प्लेगवर, इंग्रजीत गेल्या चार दशकांत बरेच गंभीर लेखन झाले आहे. त्यातला एक चांगला लेख मिळाला की आधी त्याच्या तळटिपा आणि संदर्भसूची वाचा. त्यातून तुम्ही मागे जाता, म्हणजे त्या लेखकाने कोणते दप्तर आणि कोणती वृत्तपत्रे पाहिली हे कळते. नंतर त्या लेखाच्या नोंदीखाली असलेला, 'याचा संदर्भ कोणी दिला' हे सांगणारा दुवा उघडा. त्यातून तुम्ही पुढे येता, म्हणजे त्या लेखानंतर कोणी काय म्हटले हे कळते. या दुव्यातून आलेल्या यादीच्या आतही पुन्हा शब्द घालून शोधता येते, आणि तिथे रोमन लिपीत स्त्रियांसाठीचा शब्द घातला की तुमच्या विषयाला थेट भिडणारे लेखन गाळून मिळते. माझ्या मते नवे संशोधक जेवढा वेळ नवनवे शब्द घालण्यात घालवतात, त्याच्या अर्धा वेळ जरी या मागे-पुढे जाण्याला दिला तरी आराखड्याचे पूर्वसंशोधनाचे प्रकरण पुष्कळ भक्कम होईल.

आता तुमचा यादीसंबंधीचा प्रश्न. सगळ्या चांगल्या संकेतस्थळांची विषयवार यादी माणसांनी तयार करावी, हा प्रयत्न खूप आधी झालेला आहे. 1994 साली स्टॅनफर्डमधील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'याहू' ही मुळात अशीच निर्देशिका होती, आणि 1998 पासून स्वयंसेवक संपादकांच्या बळावर चाललेली 'डीमॉझ' ही त्याच जातीची आणखी मोठी निर्देशिका होती. पहिली 2014 च्या अखेरीस बंद झाली, दुसरी मार्च 2017 मध्ये. महाजालाची वाढ इतकी अफाट होती की माणसांच्या हातांनी ती सगळी वर्गवार लावणे शक्य राहिले नाही. टिकल्या त्या अरुंद कक्षेच्या निर्देशिका, आणि संशोधकाला खरा उपयोग त्यांचाच आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातून 2003 साली सुरू झालेली मुक्त नियतकालिकांची निर्देशिका, म्हणजे 'डीओएजे', ही त्यांपैकी एक. तीत नियतकालिकाला प्रवेश देण्याआधी संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत आणि शुल्क यांची तपासणी होते, आणि प्रवेश कायमचा नसतो. 2016 च्या मे महिन्यात, नव्या निकषांनुसार पुन्हा अर्ज न केलेली सुमारे 3,300 नियतकालिके तिने एकदम काढून टाकली. परंतु तिची मर्यादाही ओळखा. ती फक्त विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकांची यादी आहे, त्यामुळे जे तिच्यात नाही ते वाईट, असा अर्थ होत नाही.

तुमच्यासाठी सर्वांत जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित निर्देशिका म्हणजे 'शोधगंगा'. गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' ही संस्था ती चालवते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीपासून भारतीय विद्यापीठांतील प्रबंध तेथे जमा होऊ लागले. तेथे केवळ शोधपट्टीवर विसंबल्यास मराठी माणसाची मोठी फसगत होते. मराठीतून लिहिलेले कितीतरी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले किंवा छापील प्रतीवरून स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर यंत्राला वाचताच येत नाही. शीर्षकांच्या नोंदीही काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमनमध्ये आणि रोमनमध्येही ज्याला जसे सुचेल तसे केलेल्या असतात. म्हणून शोधण्याऐवजी चाळा. विद्यापीठ निवडा, त्यातला इतिहास विभाग निवडा आणि शीर्षके एकेक करून नजरेखालून घाला. पुणे, मुंबई, शिवाजी, मराठवाडा, एसएनडीटी आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ एवढे जरी चाळले तरी पुष्कळ काम होईल. इतिहासाबरोबर समाजशास्त्र, स्त्री अभ्यास आणि मराठी हे विभागही बघा, कारण प्लेगकाळातील स्त्रियांविषयीचे प्रकरण एखाद्या आत्मचरित्रांवरील मराठी प्रबंधात दडलेले असू शकते. प्रबंधाची प्रकरणे तेथे बहुधा स्वतंत्र फायलींत ठेवलेली असतात. त्यांतील संदर्भसूचीची फाइल आधी उतरवून घ्या. नोंदणी झालेल्या पण अजून पूर्ण न झालेल्या संशोधनाचे आराखडे 'शोधगंगोत्री'वर असतात. तुमच्याच विषयावर कोणी सध्या काम करत आहे का, हे तेथे पाहिल्याखेरीज तुमचा आराखडा पुन्हा सादर करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

येथवर दुय्यम साधनांची गोष्ट झाली. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मूळ साधने लागणार, आणि तुमच्या विषयातील मूळ साधने तुम्हाला वाटते त्याहून अधिक प्रमाणात घरबसल्या उपलब्ध आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन भारतातील वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह अंकित (डिजिटल) करून विनामूल्य खुला केला आहे, त्यात प्लेगविषयक अहवाल आहेत. ब्रिटिश संसदेतील कामकाजाचा वृत्तान्त, म्हणजे 'हॅन्सार्ड', 1803 पासून महाजालावर शोधता येतो. भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1897 मध्ये पुण्यात सैनिकांनी स्त्रियांशी केलेल्या वर्तनाबद्दल जाहीर आरोप केले, ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले आणि या सगळ्याचे पडसाद संसदेत उमटले. तुमच्या विषयाचा एवढा मोठा धागा 'पुणे प्लेग स्त्रिया' अशा शोधातून सापडणार नाही, पण हॅन्सार्डच्या आत 1897 हे वर्ष ठरवून 'पूना' हा एकच शब्द घातला तर सापडेल. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्राला प्लेग व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी जे पत्र लिहिले, तेही रमाबाईंच्या आणि त्या नियतकालिकाच्या नावाने शोधल्यासच हाती लागेल. साधनाचे स्वरूप माहीत असले की शब्द आपोआप सुचतात, ते असे.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर भारत सरकारच्या जुन्या फायलींची सूची आहे आणि बऱ्याच फायली वाचताही येतात. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने आहेत, परंतु त्यांची शीर्षके रोमनमध्ये अत्यंत अनियमितपणे नोंदवलेली असल्यामुळे लेखकाच्या नावाने, आडनावाने आणि प्रकाशनवर्षाने असे तिन्ही प्रकारे शोधावे लागते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या ग्रंथालयातील दुर्मीळ पुस्तके अंकित करून स्वतःच्या संग्रहस्थळावर ठेवली आहेत. तेथे अवश्य जा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यावरील अठरावा खंड 1885 चा असल्याने त्यात ही साथ असणार नाही, मात्र साथीच्या बारा वर्षे आधी शहरातील पेठा कशा होत्या हे त्याच्या तिसऱ्या भागात मिळेल आणि तुमच्या पहिल्या प्रकरणाला ते लागेल.

महाजालावरची ही वाट शेवटी प्रत्यक्ष दाराशी नेऊन सोडते. प्लेगसंबंधीचे मुंबई सरकारचे दप्तर मुख्यतः मुंबईत, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहे. ज्या लेखांच्या तळटिपा तुम्ही वाचाल त्यांत त्या खंडांचे क्रमांक असतील. ते टिपून घेऊन गेलात तर तेथील दिवस वाया जाणार नाही. पुण्यात राहून तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचे काय, तर वृत्तपत्रे. 'केसरी' आणि 1849 पासून निघणारे 'ज्ञानप्रकाश' यांचे 1897 चे अंक शोधयंत्रात शब्द घालून वाचता येतील अशी अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे मराठी ग्रंथालय आणि पुणे नगर वाचन मंदिर येथे कोणते अंक आहेत, ते कोणत्या स्थितीत आहेत आणि पाहण्यासाठी मार्गदर्शकांचे पत्र लागते का, हे समक्ष जाऊन विचारा. ग्रंथपालांना 'प्लेगवर काही आहे का?' असे न विचारता 'मी अमुक साधने पाहिली, अमुक वर्षाचे अंक मिळत नाहीत' असे सांगितले तर मिळणारी मदत निराळ्याच प्रतीची असते.

पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या लेखांबाबतही आधी ग्रंथपालांनाच विचारा. 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे. तीत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुम्ही शिकवता ते महाविद्यालय योजनेत नसले तरी तुमचे संशोधन केंद्र किंवा विद्यापीठ असू शकते. तेथेही लेख न मिळाल्यास लेखकाला नम्र ईमेल लिहून प्रत मागावी. ही रीत सर्वमान्य आहे आणि बहुतेक अभ्यासक आनंदाने प्रत पाठवतात.

चॅटबॉटने दिलेल्या यादीविषयी मला अधिक कडक बोलावे लागेल. अशी यंत्रे एका शब्दानंतर कोणता शब्द येणे संभाव्य आहे यावरून मजकूर रचतात. संदर्भ मागितला की संदर्भासारखा दिसणारा मजकूर रचला जातो, ज्यात लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे आणि लेख मात्र कधीच न लिहिला गेलेला, असे होऊ शकते. 2023 च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला मिळून 5,000 डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले पूर्वीचे निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते आणि ते मुळात अस्तित्वातच नव्हते. तुमच्या यादीतील प्रत्येक नोंद तपासण्याचा मार्ग असा: लेखाला डीओआय क्रमांक, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर घालून नेमका तोच लेख उघडतो का ते पाहा, नसेल तर अशा क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या 'क्रॉसरेफ'च्या शोधात शीर्षक घाला, आणि तेथेही नसेल तर त्या नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून पृष्ठक्रमांक जुळतो का ते पाहा. जुन्या आणि भारतीय नियतकालिकांना पुष्कळदा डीओआय नसतो, म्हणून ही तिसरी पायरी टाळू नका. या तिन्हींत न टिकलेली नोंद यादीतून काढा. टिकलेली नोंदसुद्धा मूळ लेख वाचल्याशिवाय आराखड्यात घालू नका. महाजाल शोधून दुवे देणारी नवी यंत्रेही याला अपवाद नाहीत, कारण दुवा खरा असूनही त्या लेखाच्या तोंडी घातलेले मत त्यात नसते, असे वारंवार दिसते. समानार्थी आणि तत्कालीन शब्द सुचवायला मात्र त्यांची मदत घेता येईल, कारण त्या शब्दांची परीक्षा पुढच्या शोधातच होऊन जाते.

या सगळ्याची नोंद ठेवण्यासाठी एक वही किंवा संगणकावरचा एक तक्ता करा. त्यात तारीख, साधन, घातलेले नेमके शब्द, शोधासाठी ठरवलेले वर्ष, काय मिळाले आणि काय मिळाले नाही, एवढे लिहा. 'मिळाले नाही' हा रकाना रिकामा ठेवू नका. संदर्भ सांभाळण्यासाठी 'झोटेरो' ही विनामूल्य आज्ञावली पुरेशी आहे आणि ती देवनागरी नोंदी नीट हाताळते. मिळालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची प्रत स्वतःजवळ उतरवून ठेवा. ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ल्यामुळे ब्रिटिश ग्रंथालयाच्या ऑनलाइन सेवा ठप्प झाल्या, मुख्य सूची पुढच्या वर्षीच्या जानेवारीत परत आली आणि इतर अनेक सेवांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. ज्यांनी केवळ दुवे साठवले होते त्या संशोधकांचे काम तेवढा काळ अडून राहिले.

एवढे झाले की ते लाल रेघेचे वाक्य पुन्हा लिहा. ते साधारण असे होईल: 'शोधगंगेवरील अमुक विद्यापीठांच्या अमुक विभागांतील प्रबंध, गूगल स्कॉलर आणि अमुक ग्रंथालयांच्या सूची अमुक कालावधीत पाहिल्या असता, पुण्यातील प्लेग प्रशासन आणि राजकारण यांवर विपुल लेखन आढळले, स्त्रियांच्या अनुभवांचा विचार त्यात प्रामुख्याने घरझडतीवरील वादाच्या संदर्भात आला आहे, रुग्णालये आणि विलगीकरण छावण्यांतील स्त्रियांविषयी मराठी वृत्तपत्रांच्या आधारे केलेला स्वतंत्र अभ्यास आढळला नाही.' तुमचा निष्कर्ष कदाचित वेगळा निघेल, कदाचित असा अभ्यास झालेलाही असेल आणि तुम्हाला विषय थोडा सरकवावा लागेल. आराखड्याच्या टप्प्यावर हे कळणे तुमच्याच हिताचे आहे.

राहिला त्या ईमेलचा प्रश्न. पैसे भरू नका. परीक्षकाने लेख वाचून, त्यावर मत देऊन, तुम्ही दुरुस्त्या करून तो छापणे आठ दिवसांत होणे शक्य नाही, म्हणजे परीक्षण होणारच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आपले नियतकालिक असल्याचा दावा त्या ईमेलमध्ये असेल तर त्यालाही भुलू नका. आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीतून मे 2018 मध्ये 4,305 नियतकालिके वगळावी लागली होती. त्यानंतर 2019 मध्ये आलेली 'यूजीसी-केअर' यादी, जिचे काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालत असे, तीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करून आयोगाने त्याऐवजी नियतकालिक पारखण्याचे निकष सुचवले आहेत. आता ही पारख संशोधकाला आणि त्याच्या संस्थेलाच करायची आहे. संपादक मंडळातील दोन-तीन नावे त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर शोधा, आधीच्या अंकांतील तुमच्या विषयाजवळचे लेख वाचा, नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळखक्रमांक आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासा. शिवाय, आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय आहे, हे पीएच.डी. विभागातून लेखी विचारून घ्या, आणि तोवर त्या ईमेलला उत्तरही पाठवू नका.